भिकाजीची डॉज आणि न बसलेला हिसका

डिचोलीच्या टॅक्सी स्टँडवर भिकाजी गावसांची डॉज लागली की तिच्या मागे दुसरी गाडी लावायला कुणी धजत नसे. धाक वगैरे काही नव्हता; जागाच उरत नसे. अमेरिकेत ती बांधली तेव्हा बांधणाऱ्यांनी डिचोलीचा बाजार पाहिला नव्हता, हे उघड होतं. काळं अंग, वर पिवळं टप, पुढे दात विचकल्यासारखी जाळी, आणि मागची सीट एवढी ऐसपैस की तिच्यावर बसून साखळीच्या एका मास्तरांनी अख्ख्या वर्गाचे पेपर तपासले होते, असं बाबुराव सांगायचा. बाबुरावाची अँबॅसिडर. त्यामुळे डॉजविषयी तो जे सांगेल त्यातलं निम्मं वजा करून घ्यावं लागे.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. पोर्तुगीज अमदानीत बोटीतून उतरली तशीच ती राहिली. त्यामुळे पुढे खनिजाचा ट्रक आला की भिकाजीला समोरचा रस्ता दिसत नसे, आणि उजवीकडे बसलेल्या गिऱ्हाइकाला नोकरीला लागावं लागे. "बघा हां, येता काय कोण?" गिऱ्हाईक खिडकीतून मान काढून म्हणे, "थांब... थांब... आता मार!" मग भिकाजी मारी. भाडं देऊन वर क्लीनरचं काम करायला लावणारी गोव्यातली ही एकच टॅक्सी.

हा भिकाजी मूळचा पलीकडचा, दोडामार्गाच्या बाजूचा. पोरवयात तो खनिजाच्या पाट्या वाहायला डिचोलीत आला. पाटीपेक्षा त्याचं लक्ष खाणमालक कृष्णनाथबाबांच्या गाडीकडे जास्त, म्हणून मुकादमाने वैतागून त्याला गाडी धुवायला लावलं. धुता धुता तो ती पुसायला लागला, पुसता पुसता पुढे-मागे घ्यायला लागला, आणि एके दिवशी बाबांचा शोफेर ताप येऊन पडला तेव्हा भिकाजीच बाबांना पणजीला घेऊन गेला. परत आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "आमी भायर केन्ना सरले?" निघालो कधी ते त्यांना कळलंच नव्हतं, ते पेपर वाचत होते. ती नोकरी भिकाजीची कायमची झाली.

यात भिकाजीचं कौतुक थोडं, गाडीचं जास्त. ह्या डॉजच्या पोटात एक गंमत होती. इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक बंद डबा होता. त्याची फोड म्हापशाच्या गॅरेजवाल्या पेद्रू मेस्ताने भिकाजीला करून दाखवली होती, आणि तीही नारळावर. नारळ फोडून त्याने दोन्ही करवंट्या रिकाम्या केल्या, पुन्हा तोंडाला तोंड लावून धरल्या आणि म्हणाला, "हातूंत तेल आसा असं समज. ही करवंटी इंजिनाची, ही चाकांची. ही घुंवली की तेल घुंवता, तेल घुंवलं की ती घुंवता. लोखंडाक लोखंड लागनाच." म्हणजे इंजिन चालू, गाडी गियरमध्ये, पाय ब्रेकवर, क्लच दाबायला नको, इंजिन बंद पडायचं नाही. ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर थोडा दाबला की गाडी होडीसारखी निघायची. पेद्रूने खोबरं स्वतः खाल्लं, करवंट्या भिकाजीला दिल्या. भिकाजीने त्या कितीतरी वर्षं ठेवल्या होत्या. कोणी विचारलं की काढून दाखवायचा. बहुतेक वेळा न विचारताही.

गाडीत आणखीही चमत्कार होते. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेला. आणि डाव्या बाजूच्या चाकांची नटं उलट्या आट्यांची. चाक पुढे फिरता फिरता नट सैल होऊ नये म्हणून त्या लोकांनी केलेली सोय. एकदा डावं चाक पंक्चर झालं असता बाबुराव मदतीला धावला आणि सोडवायचं म्हणून त्याने सगळं बळ एकवटून नट आवळला. तो तुटेपर्यंत आवळला. तेव्हापासून भिकाजी त्याला आपल्या गाडीच्या उजव्या बाजूलाच उभा करी.

गोवा मुक्त झाला, कृष्णनाथबाबांचं वय झालं, नवी गाडी आली. जुनी कुणाला द्यायची हा प्रश्नच नव्हता. "ती तुझ्याबगर कोणाचं आयकना," म्हणून बाबांनी ती भिकाजीच्याच हवाली केली. भिकाजीने टप पिवळं केलं आणि तो टॅक्सीवाला झाला. पण डॉजचं खरं नाव झालं ते वरातीत.

कारण आपल्याकडे नवरी गाडीत बसली की लगेच निघता येत नाही. आधी गाऱ्हाणं. माहेरचा वडीलधारा गाडीसमोर नारळ घेऊन उभा राहतो आणि ग्रामदेवतेपासून वेशीवरच्या राखणदारापर्यंत सगळ्यांना हाका घालत लेकीचं भलं मागतो. प्रत्येक मागण्याला लोक "व्हय म्हाराजा!" म्हणतात. शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला गाडी हलली पाहिजे. रेंगाळली तर लेकीचं मन मागे राहिलं म्हणतात. हिसका बसला तर बायका एकमेकींकडे बघतात. बंद पडली तर विचारूच नका. आणि एकदा नवरी बसली की गाडीने तसूभरही मागे यायचं नाही, हा तर वटहुकूमच. बाकीचे ड्रायव्हर गाऱ्हाण्याचा शेवट ऐकायला कान लावून, क्लच दाबून, मांडी थरथरवत बसायचे. भिकाजीचा डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, आणि तोंडात पान. शेवटच्या होकाराबरोबर डॉज अशी निघे की नवरीच्या केसातली अबोली हलत नसे. पेडण्यापासून सत्तरीपर्यंत मुलीचे बाप मुहूर्त ठरवण्याआधी भिकाजी मोकळा आहे का ते विचारायचे.

भिकाजीचा मुलगा विशाल मात्र ह्या कौतुकात सामील नव्हता. तो खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये फिटर. दिवसभर लोडर आणि ट्रक उघडून बघणाऱ्याला घरी आल्यावर करवंट्यांचं काय कौतुक?

"बाबा, ही गाडी पेट्रोल पिता काय तेनी आंघोळ करता?" तो विचारायचा. "मॅटॅडोर टेम्पोचां इंजिन घालूया. सगळे घालतत. डिझेलार चालतली, म्हातारपणी तुमकाय सोपां."

"आणि तेलाचो डबो?"

"तो जातलो. डिझेलाक तेचोच गियरबॉक्स येता."

"मग नवरेक हिसको बसतलो."

"खंयच्या नवरेक?"

"जी बसात तिका," भिकाजी म्हणायचा आणि पंचा घेऊन विहिरीवर जायचा. वाद संपवण्याची त्याची ही जुनी पद्धत. त्यामुळे त्याची आंघोळ कधीकधी दिवसातून तीनदा व्हायची.

मग सत्त्याऐंशी साल उजाडलं. स्टँडवर बोलायला विषयांचा तोटा नव्हता. भाषेचा कायदा नुकताच झाला होता, आंदोलनात रस्त्यावर आडवे टाकलेले दगड अजून कडेला पडून होते, आणि गोव्याचं राज्य होणार अशी वार्ता होती. वडाखाली मराठीवाले आणि कोकणीवाले रोज तावातावाने भांडत. बाहेरच्या माणसाला दोन्ही बाजू एकाच भाषेत बोलताहेत असंच वाटलं असतं. भिकाजीला एकाच राज्याची काळजी होती, आणि ते चार चाकांवर होतं. कारण साखळीच्या चढावर एक दिवस इंजिन ओरडत राहिलं आणि डॉज जागची हलेना. हलली ती मागे.

डब्यातलं तेल झिरपून गेलं होतं. विशालने खाली वाकून बघितलं, बोटाला लागलं ते हुंगलं आणि उठून म्हणाला, "संपला. आता तरी आयकशात?"

भिकाजी गालातल्या गालात हसला. त्याच्याकडे ठेवणीतलं अस्त्र होतं. बोटीतून गाडीबरोबर आलेल्या तेलाच्या डब्यांपैकी शेवटचा डबा त्याने जपून ठेवला होता, आणि तोही कुठे, तर देवघरात, कुलदेवतेच्या उजव्या हाताला. अमेरिकन अक्षरांचा तो डबा घरात देवासारखाच वागवला जाई. दर खंडेनवमीला भिकाजी त्याचं बूच उघडून आत डोकावी, तेल जाग्यावर आहे असं पाहून समाधान पावे, हळदकुंकू वाही आणि पळीभर तीर्थ सोडी. त्याची बायको रुक्मिणी त्याला फूल घाली. वीस-बावीस खंडेनवम्या तरी अशा गेल्या असतील.

आता भिकाजीने हात जोडून डबा खाली घेतला. गाडीतली पायाखालची फळी उघडली, इंजिन हाताने फिरवत गाडीच्या पोटातल्या डब्याचं बूच वर आणलं आणि चाळीशी न लावता, भक्तिभावाने, सगळं आत ओतलं. दुसऱ्या दिवशी डॉज कण्हत निघाली, बाजारात एका भाजीवालीपुढे गचका खाऊन थांबली आणि परत घसरली. विशालने ते तेल खाली काढलं. थाळ्यात उतरलं ते ताकासारखं पांढरट होतं, वर लालसर तवंग.

विशाल थाळ्याकडे बघत राहिला. मग उकिडवा बसला, मग हसता हसता खालीच बसला.

"आये, भायर ये गो! बाबांनी गाडयेक अभिषेक केलो! वीस वर्सांचां तीर्थ आसा हेच्यात!"

रुक्मिणी बाहेर आली, थाळा बघितला आणि पदर तोंडाला लावला. "अवो, मी फक्त फूल घातलंय हां," तिने आधी स्वतःची सुटका करून घेतली. "तीर्थ तुमचां."

भिकाजी आंघोळीला गेला. पण ह्या खेपेला तो विहिरीच्या कठड्यावर नुसताच बसून राहिला. पोहरा रिकामाच.

गोष्ट एवढ्यावर संपली असती, पण विशालचंच लग्न तोंडावर आलं होतं. मुलगी तुयेची, शीतल. तिथल्याच औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला. सगळ्या तालुक्याच्या नवऱ्या नेणाऱ्या भिकाजीला स्वतःची सून न्यायची होती. नवऱ्याच्या बापाने मांडवात पाट-पंचपक्वान्नांचा मान घ्यायचा सोडून गाडी हाकायची म्हणजे काय, म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, तर त्याने सांगितलं होतं की मान मागाहून गाडीत आणून द्या. आणि आता गाडीच मेली होती. तो रोज स्टँडवर जायचा, डॉजच्या जागी नुसताच उभा राहायचा. बाबुरावाने सुद्धा तिथे अँबॅसिडर लावली नाही. एकदा म्हणाला मात्र, "भिकाजी, हल्ली तुझ्या जाग्यार बरीच जागा झाली रे!" पण मग त्यालाच बरं वाटलं नसावं, जाऊन दोन चहा सांगून आला.

शेवटी विशाल एका संध्याकाळी वर्कशॉपमधून एक कॅन घेऊन आला. फोरमनला सांगून आणलेलं, लोडरची बादली उचलणाऱ्या दांड्यांतलं तेल. स्वच्छ, पातळ, मधासारख्या रंगाचं.

"खाणीतलां?" भिकाजीने नाक मुरडलं. खाणीने आयुष्यभर त्याच्या गाडीवर लाल धूळच उडवली होती.

"बाबा, लोडराची बादली बघलात? एवढां खनिज भरलेलां. उचलताना हिसको लागता?"

बादली त्याने बघितली होती. पान जुळवता जुळवता म्हणाला, "लागना नाय."

दोघांनी मिळून ते भरलं. काठोकाठ नाही, तेलाला तापल्यावर फुगायला जागा ठेवून, जशी पेद्रू मेस्ताने सांगितली होती तशी. पण विशाल हाताला लागलेलं पुसत म्हणाला, "ह्यां लग्नापुरतां हां. पावसाळ्यात मॅटॅडोर."

"हिसको बसलो तर मॅटॅडोर," भिकाजी म्हणाला. "मीच इंजिन उतरवून देतंय. नाय बसलो तर जल्मात विषय काढायचो नाय."

"आणि बसलो काय नाय, ठरवतलो कोण? तुम्ही?"

ओट्यावर बसलेला बाबुराव इतका वेळ याचीच वाट बघत होता. "तूय नाय, तोय नाय. तुम्ही दोघय पक्षकार. नवरी ठरवतली. पण तिका सांगायचां नाय."

असा निवाडा शीतलवर सोपवला गेला, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

राज्य जाहीर व्हायला आठवडाभर असताना लग्न लागलं. वरमाय म्हणून रुक्मिणी रिवाजाप्रमाणे सुनेला ओवाळायला घरीच राहिली. शीतलचं घर तुयेला उतारावर, आणि अंगण असं की गाडी मांडवाकडे शेपूट आणि वरच्या रस्त्याकडे तोंड करूनच उभी करावी लागे. म्हणजे निघताना चढ. भिकाजीने तो चढ सकाळीच चालून बघितला होता. दोनदा.

निरोपाची वेळ झाली. मागे विशाल, शीतल आणि तिची पाठराखीण मावशी. पुढे उजवीकडे बाबुराव, रस्ता बघायला आणि साक्षीला. रडारड झाली, मुसमुस उरली. भिकाजीने इंजिन चालू केलं, गियर टाकला, डावा पाय ब्रेकवर. शीतलचे थोरले काका सखाराम नारळ घेऊन गाडीसमोर आले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरची लेक सांजच्या दिव्याक दुसऱ्या घरात उभी रवतली, तिच्या हाताक येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सखारामकाकांचा आवाज चांगला होता. दुर्दैवाने ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी वाटेवरचे सगळे देव घेतले. मग नद्या घेतल्या. कोलवाळच्या पुलासाठी वेगळं मागणं झालं. मे महिन्याचं ऊन टपावर बसलं होतं आणि उष्णतेचा काटा हळूहळू वर सरकत होता. भिकाजीचं पान संपलं. मागून विशाल वाकून कानाशी पुटपुटला, "बाबा, तेल तापतलां."

"गप रव."

सखारामकाका आता सरकारात शिरले होते. "बा म्हाराजा, नवां राज्य येता तेचां बरां कर! मराठीवाल्यांचां बरां कर, कोकणीवाल्यांचांय बरां कर, आणि दोघांकय एका पंगतीत बसवून जेवूक घाल रे म्हाराजा!"

हा होकार सगळ्यांत मोठा झाला. वाजंत्रीवाल्याला वाटलं संपलं. त्याने सनईत फुंकर मारली, काकांनी डोळे वटारताच ती गिळली. बाबुराव काट्याकडे बघत होता. आयुष्यभर ह्या गाडीची टिंगल केलेल्या त्या माणसाने डॅशबोर्डवर हलकेच हात ठेवला होता. भिकाजीला ते दिसलं आणि त्याने दिसलं नसल्यासारखं केलं. त्याच्या तळपायाला ब्रेकमधून गाडीची ओढ लागत होती. पूर्वीसारखी आहे? थोडी कमी? कळत नव्हतं. मागे मांडव होता, आणि मांडवात सगळं तुये.

"...आणि जी चूकभूल जाली आसात ती पोटात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. भिकाजीने डावा पाय उचलला आणि उजवा जरासा, पिकलेला आंबा दाबून बघतात तेवढाच, टेकवला. एक क्षण काही झालं नाही. त्या एका क्षणात भिकाजीने अंगावर पाणी न घेता एक आंघोळ उरकली. मग करवंटीने करवंटीला ओढलं आणि डॉज चढ चढू लागली. मांडव मागे गेला, फणस मागे गेला, वळण आलं. भिकाजीने आरशात बघितलं नाही. शीतलच्या कारखान्याचे पत्रे दिसले आणि मागे पडले.

शीतल पदरात तोंड घालून बसली होती. तिने नाक पुसलं आणि मान तशीच खाली ठेवून मावशीला हळूच विचारलं, "काकांचां गाऱ्हाणां अजून संपलां नाय?"

मावशी म्हणाली, "अगो, कारखानो तुझो मागे रवलो."

शीतलने दचकून वर बघितलं. तिला समजेना, आपल्या रडण्यात एवढं हसण्यासारखं काय आहे. कारण पुढे बसलेला तो बाबुराव नावाचा माणूस खिडकीबाहेर तोंड काढून खदाखदा हसत होता. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो छतातल्या दिव्याकडे बघत होता. मग पुढे वाकून तिने विचारलं, "मामंजी, ह्यां आम्ही निघालंव कधी?"

हाच प्रश्न भिकाजीला फार वर्षांपूर्वी कृष्णनाथबाबांनी विचारला होता. पुढे एक ट्रक आडवा होता. "बाबुराव, तोंड भायर आसाच तुझां. बघ, येता काय कोण?"

"थांब... थांब... आता मार!"

डॉजने ट्रक मागे टाकला. कोलवाळचा पूल गेला, म्हापसा गेला. अस्नोड्याजवळ विशालने घसा साफ केला. मॅटॅडोरचं नाव घ्यायला त्याचं तोंड उघडलं होतं की नाही कुणास ठाऊक. निघालं ते वेगळंच.

"बाबा, त्या तेलाचो एक कॅन घरात ठेवूक होयो. लागता कधीमधी."

"ठेव," भिकाजी म्हणाला. जरा वेळाने आरशात बघून त्याने जोडलं, "पण देवाकडे नको."